देवीच्या रानात रेंज नाही

माझं माहेर सवचं. तिथं जमिनीतून कढत पाणी येतं, आणि माझ्या रागाचं कारण सासरची माणसं तेच सांगतात. सासर म्हणजे उमरठच्या पुढं, डोंगराच्या अर्ध्यावरची आमची वाडी. इथं पाणी थंड, पण ते एकाच जागी, देवीच्या रानाखालच्या झऱ्याला. नवरा मुंबईला टेम्पो चालवतो. मी वाडीत पिठाची गिरणी चालवते. दोघांचंही चालतं आहे, एवढंच म्हणायचं.

देवीचं रान म्हणजे ऐन, किंजळ, हिरडा, जांभूळ आणि त्यांना विळखा घालून बसलेली गारंबीची वेल. आत देवीची घुमटी, तिला दार नाही. या रानाचा नियम असा की त्यातली काडी उचलायची नाही, डहाळी मोडायची नाही, पडलेलं पानसुद्धा झाडून बाजूला करायचं नाही. करायचंच असेल तर आधी गावकीचा शब्द घ्यायचा. हा नियम खुळचटपणाचा आहे असं मी कधीच म्हटलं नाही. आजूबाजूचे डोंगर आमच्या डोळ्यांसमोर बोडके झाले आणि देवीचं रान तेवढं राहिलं, ते या नियमामुळेच. झऱ्याला उन्हाळ्यातही पाणी असायचं ते या रानामुळे, हे सांगायला आम्हाला कोणी शहाणा लागला नाही.

आमचा बायकांचा ग्रुप गिरणीवर निघाला. आमच्याकडे वीज गेली की गिरणी बंद, आणि दळण घेऊन आलेल्या बाया वीज यायची वाट बघत पायरीवर बसून राहतात. सगळ्यांकडे फोन होते. मुलांनी मुंबईत नवा घेतला की जुना आईकडे यायचा, काच तडकलेली, आत मुलाच्या मित्रांचे फोटो तसेच. फोनचा उपयोग काय, तर सकाळी उठून एकमेकींना गुलाबाची फुलं पाठवणं. फुलांनी फोन भरून जायचे आणि मग कोणाचा मुलगा फोन करतोय तर फोन अडकून बसलेला. एक दिवस मी वैतागून म्हटलं, फुलं बंद. ज्याला फुलं पाहिजेत त्यानं परसात जावं.

मग पाठवायचं काय, असा प्रश्न आला. लिहायला जमणाऱ्या आम्ही मोजक्याच, म्हणून आवाज पाठवायचा असं ठरलं. आधी आपण कुठं उभ्या आहोत ते सांगायचं, मग काय दिसतंय ते सांगायचं, आणि गप्प बसायचं. झऱ्यावर आज कोण पहिली गेली, पाणी कुठवर होतं, डुकरं कुठल्या शेतात उतरली, समोरच्या डोंगरावर धूर दिसतोय तो चुलीचा की रानाचा. सोमवारी झऱ्याच्या काळ्या दगडाचा फोटो टाकायचा, म्हणजे पाणी चढलं की उतरलं ते कळतं. रेंज फक्त वाडीच्या वरच्या खडकावर येते, त्यामुळे लाकडाला जाणारी प्रत्येक जण खडकावर थांबून घरी राहिलेल्या बायांचेही फोन वारा दाखवल्यासारखे वर धरायची. हसायला यायचं, पण काम व्हायचं. एका उन्हाळ्यात आम्ही या आवाजांच्या जोरावर दोन वणवे डोंगराच्या पायथ्यालाच झोडपून विझवले. झऱ्यावरची भांडणंही कमी झाली, कारण कोणी किती हंडे नेले ते सगळ्यांना आधीच माहीत असायचं.

गावकीचा ग्रुप वेगळा. तो मुंबईतल्या वाडीकरांच्या मंडळाच्या सेक्रेटरींनी केलेला. गावकीत पूर्वीपासून उंबऱ्याला एक माणूस, आणि तो घरातला कर्ता पुरुष. तोच हिशेब त्यांनी फोनवर लावला. आता आमच्या वाडीतले कर्ते पुरुष सगळे मुंबईला. त्यामुळे गावकीच्या ग्रुपमध्ये गावात राहणारं एकही माणूस नव्हतं. मी सेक्रेटरींना फोन करून म्हटलं की मलाही त्यात घ्या. माणूस भला, चिडले नाहीत. म्हणाले, तुमच्या उंबऱ्याचा माणूस आहे की आत. एका उंबऱ्याची दोन माणसं घेतली तर बाकीचे नाही का बोलणार? मी नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, तुला काय करायचंय त्या ग्रुपमध्ये, तिथं नुसते वाढदिवस असतात.

त्या वर्षी माघातच मला वणव्याची धास्ती लागली होती. वाडीत आता गुरं राहिली नाहीत, त्यामुळे गवत चरायला कोणी नाही, आणि ते कमरेएवढं वाळून उभं होतं. वणवा आला तर तो अडवायला डोंगरावर एक पट्टा साफ करतात, गवत कापून, पाचोळा झाडून, उघडी माती ठेवून. तसा पट्टा आम्ही बायकांनी तीन बाजूंनी काढला. रोज कोण येणार, कोण विळा आणणार, सगळं आवाजावर ठरायचं. चौथी बाजू मात्र देवीच्या रानाची. तिथं गवत सरळ रानाला भिडलेलं, आणि रानाच्या कडेला घोटा बुडेल इतका पाचोळा. पट्टा काढायचा तर रानाच्या आतला पाचोळा हातभर झाडणं भाग होतं. एका दुपारचं काम, सगळ्या मिळून लागलो तर.

मी झाडू घेऊन निघालेच होते. पण माझी थोरली जाऊ आडवी आली. ती बाई हाडाची कामसू, वणव्यात सगळ्यांत पुढं तीच असते, पण नियमाला पक्की. ती म्हणाली की गावकीचा शब्द आल्याशिवाय ती पान हलवणार नाही आणि कोणाला हलवूही देणार नाही. तिच्या शब्दाबाहेर बाकीच्या बाया जात नाहीत. एकटीनं झाडून मी काय केलं असतं, चार हात जागा साफ झाली असती. म्हणून मी पुन्हा सेक्रेटरींना फोन केला.

त्यांनी ग्रुपवर विचारलं. संध्याकाळपर्यंत सगळ्यांचे अंगठे आले, एकही विरोधात नाही. मला वाटलं, झालं. पण गावकीत नुसते अंगठे चालत नाहीत. मानकऱ्यानं देवीपुढं नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे देवीला मोठ्यानं मागणं सांगायचं, जमलेल्यांनी त्याला होकार भरायचा, मग तो गावकीचा शब्द. मानकरी म्हणजे माझ्या सासऱ्यांचे चुलतभाऊ, तेही मुंबईला मुलाकडे, गुडघ्यानं अधू. मी फोन लावला तेव्हा ते म्हणाले, "सूनबाय, देवी मुंबईला नाय आन मी गावाला नाय. शिमग्याला येतो, तेव्हा घालतो गाऱ्हाणं." मी म्हटलं, मामंजी, वणवा शिमग्याची वाट बघत नाही. तर ते म्हणाले, मग तुमचा तो फोन देवीपुढं धरा, मी इथून बोलतो. मला त्यांचं कौतुक वाटलं. त्या वयात एवढं मान्य करणं सोपं नाही.

पण देवीच्या रानात रेंज नाही. खडकावर रेंज आहे तर तिथं देवी नाही. आम्ही काय नाही केलं? एकीनं खडकावर फोन धरला, त्याचं नेट दुसरीच्या फोनला, दुसरीचं पुढं देता येईल का ते बघितलं. जांभळीपर्यंत पोचलं, पुढं नाही. मग फोन काठीला बांधून उंच धरला. तिकडं मुंबईत मामंजी टोपी घालून, समोर नारळ ठेवून, मुलाच्या हॉलमध्ये ताटकळत बसलेले. त्यांना अर्धा तास नुसती जांभळीची पानं दिसली आणि मग तीही दिसेनाशी झाली. आम्ही उतारावर बसून पोट धरून हसलो. आता आठवलं की त्या हसण्याचा राग येतो.

वाट जाऊबाईंनीच काढली. संध्याकाळी गिरणीवर आल्या आणि म्हणाल्या, "तुमी रोज आवाज पाठवता ना एकमेकींना? मग मामंजींना सांग, गाऱ्हाणं आवाजात पाठवा. खडकावर घेऊ आन देवीम्होरं लावू. होकार आमी भरू." आम्ही फोनला आमच्या कामाला जुंपलं होतं खरं, पण देवीच्या दारी नेऊन बसवायचं आम्हाला कोणालाच सुचलं नव्हतं, आणि सुचलं ते सगळ्यांत हट्टी बाईला. मी तेव्हाच खडकावर जाऊन मामंजींना सगळं समजावलं. त्यांनी दोनदा पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाले, विचार करून सांगतो, गावकीला विचारलं पाहिजे.

विचारलं, आणि घोडं अडलं. पालखीला आधी खांदा कोणाचा यावरून दोन घरांचं जुनं वाकडं होतं, ते यात घुसलं. आज मानकऱ्यानं आवाजात गाऱ्हाणं घातलं तर उद्या कोणीही उठून आवाज पाठवील, मग मान तो कसला राहिला, असं एका घराचं म्हणणं. दुसऱ्या घराचं म्हणणं, देवीपुढं यंत्र लावायचं तर आधी देवीला विचारा. हे सगळं मला नवऱ्याकडून तुकड्यातुकड्यानं कळायचं, आणि मी चिडले की तो म्हणायचा, गावकीचं गावकी बघेल. एकदा आमचं त्यावरून इतकं वाजलं की पुढं मी त्याच्याकडे तो विषयच काढला नाही. सेक्रेटरींना विचारलं तर ते म्हणायचे, होईल, मी मागं लागलोय. रोज लाकडाला गेलं की मी खडकावर उभी राहायची. बाहेरगावी असलेल्या माझ्या मुलीचा आवाज यायचा, माहेरचा यायचा, मामंजींचा काही यायचा नाही.

आग आली ती भर दुपारी, समोरच्या अंगानं. कोणी भाताच्या रोपांसाठी शेतात राब भाजला असेल, कोणी विडी टाकली असेल, ते आजवर कळलं नाही आणि आता कळून उपयोग नाही. खडकावरून हाक आली, घरात होत्या तेवढ्या सगळ्या धावल्या. तीन बाजूंचे पट्टे टिकले. आग तिथपर्यंत आली, उघड्या मातीला बघून बसली. मग वारा फिरला आणि ती गवतातून रानाच्या बाजूला गेली.

वणवा झोडपायला ओली डहाळी लागते. आमच्या हातातल्या डहाळ्या जळून काड्या झाल्या होत्या. समोर रान हिरवंगार उभं, हात वर केला की डहाळी हाताला लागेल. पण ती देवीची. म्हणून बाया खाली ओढ्यापर्यंत पळत जायच्या, तिथल्या झुडपांच्या फांद्या तोडून पुन्हा चढून यायच्या, आणि तोवर आग आणखी पुढं. साठीतल्या बाया धापा टाकत चढत होत्या. मी ओरडत होते की तोडा इथल्याच, पण धूर इतका होता की माझं ओरडणं मलाच ऐकू येत नव्हतं. शेवटी जाऊबाई किंजळीखाली गेल्या, हात जोडले आणि डहाळी मोडली. मग सगळ्यांनी मोडल्या. तोपर्यंत पाचोळ्यानं पेट घेतला होता.

पाचोळ्याची आग गवतासारखी उभी राहत नाही. ती खालून सरकते, इथं विझवली की हातभर पुढं धूर निघतो. आम्ही संध्याकाळपर्यंत झोडपत राहिलो. मग एकेक जण बसली. मीही बसले, आणि काहीच करण्यासारखं नाही म्हणून फोन काढून ते जळताना टिपलं. गारंबीची वेल वरपर्यंत पेटली होती. म्हातारा हिरडा आतून पोकळ, त्याच्या ढोलीतून चुलाण्यासारखा जाळ निघत होता. तो हिरडा पुढं कित्येक दिवस आतल्या आत धुमसत राहिला.

माझा तो व्हिडिओ फिरला. महाडच्या कोणाकोणाकडं गेला, पुण्याला गेला, मुंबईत तर घरोघरी पोचला. ज्या माणसांना आमची वाडी कुठल्या बाजूला आहे हे माहीत नव्हतं त्यांनी रडके चेहरे पाठवले, जोडलेले हात पाठवले. पाचाडच्या एका खानावळीत माझ्या भाच्याला कोणी तो दाखवला, बघ रे काय झालंय म्हणून. एवढ्या वर्षांत आमचा एकही पट्टा कोणी बघितला नव्हता. विझवलेल्या वणव्यांचे फोटोही आम्ही टाकले होते, त्यात बघण्यासारखं काही नव्हतं, नुसती काळी माती आणि घामेजलेल्या बाया. आमच्या चांगल्या कामाला कधी पाय फुटले नाहीत, जळण्याला फुटले. मला कोणी शाबासकी दिली की अंगाची लाही व्हायची.

जाऊबाई त्यानंतर बोलेनाशा झाल्या. देवीची डहाळी मोडली हे त्यांच्या मनातून जाईना. सोमवारी झऱ्याचा फोटो त्या टाकायच्या, तेवढा टाकत राहिल्या. पाणी दगडाच्या खाली गेलं होतं. ते आगीमुळं गेलं की त्या वर्षी जाणारच होतं, हे मी छातीठोक सांगू शकत नाही. पण फाल्गुनात ते इतकं खाली मी लग्न झाल्यापासून पाहिलं नव्हतं. माणशी हंडे ठरवून द्यायचे असं आम्ही ग्रुपवरच ठरवलं, कोणी कुरकुर केली नाही. कुरकुर करून कोणाकडून आणणार होतो?

शिमग्याला मुंबईकर आले. घरं उघडली, वाडी भरली, आणि भरलेल्या वाडीला पाणी पुरेना. नवरा आल्या दिवशी रानात जाऊन आला. परत येऊन ओट्यावर बसला. जाऊबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या, तेव्हा तो त्यांना समजावत म्हणाला, वैनी, तुम्ही तरी काय करणार, परवानगी येऊनही वेळेत झालं नसेल. मी चुलीपाशी होते. मी बाहेर आले आणि विचारलं, कुठली परवानगी?

तो गोंधळला. म्हणाला, मानकरीकाकांचं गाऱ्हाणं की. सगळ्यांची समजूत काढून सेक्रेटरींनी त्यांच्याकडून करून घेतलं, ग्रुपवर टाकलं. मी म्हटलं, कुठल्या ग्रुपवर? त्यानं फोन पुढं केला. गावकीचा ग्रुप. मामंजींचा आवाज, आणि त्याखाली जोडलेल्या हातांची आणि अंगठ्यांची रांग, एकेका उंबऱ्याची. आमच्या उंबऱ्याचाही अंगठा होता. मी त्याच्याकडे बघितलं तर तो म्हणाला, "मला वाटलं, सेक्रेटरींनी पाठवलं असंल तुमाला." सेक्रेटरी शेजारच्याच घरी उतरले होते, त्यांना बोलावलं. त्यांचा चेहरा पडला. ते म्हणाले, मी गावकीत टाकलं, गावकीत म्हणजे गावात, घराघरातून कोणीतरी पुढं दिलंच असेल असं वाटलं. प्रत्येकाला तसंच वाटलं होतं. ग्रुपमधल्या माणसांची घरं काही सगळी बंद नव्हती. उघडं होतं त्या प्रत्येक घरात बाई होती आणि बाईजवळ फोन होता.

मला खूप बोलायचं होतं. सवचं सगळं कढत पाणी घशाशी आलं होतं. पण बोलून कोणाला भाजणार? नवऱ्याला, की त्या भल्या सेक्रेटरींना, की गुडघे धरून तासभर एका जागी बसलेल्या मामंजींना? कोणीच वाईट नव्हतं, हेच मला आजही सोसत नाही.

जाऊबाईंनी पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाल्या, लाव. नवऱ्यानं आवाज लावला. मामंजींचा आवाज थकलेला, पण गाऱ्हाणं नीट घातलेलं. रानाच्या राखणदारणी आई, तुझ्या लेकीसुना तुझ्या रानाचा पाचोळा झाडतात, तुझं रान राखायला झाडतात, काही उणंअधिक झालं तर पदरात घे, त्यांना यश दे. मधे मधे होकारासाठी ते थांबले होते. त्या थांबण्यात पलीकडून पंख्याचा आवाज येत होता. जाऊबाई प्रत्येक वेळी हात जोडून हळूच "व्हय" म्हणत होत्या, ओट्यावर बसून, पाण्याचा तांब्या तसाच पुढ्यात.

संपल्यावर त्यांनी विचारलं, हे कवा आलं. नवऱ्यानं फोनमध्ये बघून सांगितलं, आगीच्या आदल्या दिवशी, सकाळी.

जाऊबाई आठवत राहिल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आदल्या दिशी तर मी घरातच होते गो. वाकळ शिवीत बसले होते."

त्या दिवशी वीज नव्हती आणि गिरणी बंद होती. बाकीच्या सगळ्या दुपारभर माझ्या पायरीवर रिकाम्या बसून होत्या.